तांबड्या रश्शाला पांढरी वाइन, सुक्या मटणाला लाल

वाइनबद्दल कुठंही विचारलं तरी पहिलं उत्तर ठरलेलं असतं: मटणाला लाल, माशाला पांढरी. हा नियम ज्या घरांत घडला तिथं मटण म्हणजे मीठ-मिरी लावून भाजलेला तुकडा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत मटण म्हणजे कांदा-लसूण मसाला, भाजलेलं खोबरं, संकेश्वरी मिरची आणि वर तेलाचा तांबडा कट. इथं तो नियम जसाच्या तसा लावला की वाइन कडू लागते, तोंड जास्तच पेटतं आणि पाहुणे म्हणतात, आपल्या जेवणाला वाइन जमत नाही. ती चांगली जमते. फक्त निवडताना मांस कुठलं ते न बघता त्याच्यावरचा मसाला बघायचा.

जिभेवर काय होतं

लाल वाइन द्राक्षाच्या साली आणि बियांसकट आंबवतात, त्यामुळे तिच्यात तुरटपणा उतरतो. त्यालाच टॅनिन म्हणतात. पांढरीत साली आधीच बाजूला काढतात, म्हणून तिथं तुरट जवळजवळ नसतं, आंबटपणा पुढं असतो. इंग्रजीतून वाइन शिकणाऱ्यांना टॅनिन समजायला वेळ लागतो. आपल्याकडं तुरट ही सहा रसांतली एक चव आहे. जांभूळ, आवळा, कच्चं केळं खाल्लेल्या कुणालाही ती सांगावी लागत नाही.

एक पैसाही खर्च न करता ही परीक्षा घरी करता येते. कपभर पाण्यात दोन चमचे चहापूड घालून दहा मिनिटं उकळा, गाळा आणि गार होऊ द्या. दूध-साखर घालू नका. एक घोट घ्या: हिरड्या आवळल्यासारख्या होतील, जीभ टाळूला घासताना खरखरेल. आता बोटाच्या टोकावर मावेल एवढा खर्डा खा आणि पुन्हा घोट घ्या. कडूपणा वाढेल, जाळही वाढेल. पाण्यानं तोंड धुऊन पाच मिनिटं थांबा, मग चमचाभर लोणी किंवा मटणाचा चरबीचा तुकडा चावून तोच चहा प्या. या वेळी तो मऊ लागेल. चहात दूध घातल्यावर जे होतं तेच इथं होतं: प्रथिनं आणि चरबी तुरटपणाला धरून ठेवतात, जिभेपर्यंत पोचू देत नाहीत.

लाल वाइनचं सगळं गणित या तीन घोटांत आहे. चरबी आणि प्रथिनं तिची मैत्रीण, मिरची तिची वैरीण. त्यात वाइनमधलं अल्कोहोल मिरचीची आग आणखी भडकवतं. म्हणून झणझणीत जेवणासाठी लेबलावरचा आकडा बघा. १२ ते १२.५ टक्क्यांची बाटली १४ टक्क्यांच्या बाटलीपेक्षा तिखटाला बरी. उलट किंचित गोडवा आणि गारवा तिखट शांत करतात. गार, थोडी गोडसर पांढरी वाइन तांबड्या रश्शाला का चालते ते यातच आलं.

बाटली निवडताना

आपल्याकडच्या दुकानावर ‘वाइन्स’ असं लिहिलेलं असतं, पण आत बहुतेक फळ्या व्हिस्की-रमच्या आणि वाइन एका कोपऱ्यात. म्हणून बाटली कुठं ठेवली आहे ते आधी बघा. काचेच्या शोकेसमध्ये ऊन खात उभी असलेली बाटली घेऊ नका. आतल्या खोक्यातली किंवा फ्रिजमधली मागा. पांढऱ्या वाइनच्या बाटलीवरचं वर्ष बघा. साधी शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ साठवून सुधारत नाही, एक-दोन वर्षांत प्यायची असते. बाटलीतला रंग फिकट गवती किंवा पिवळसर असावा. तपकिरी झुकला असेल तर ती उतरलेली आहे.

पाच नावं ओळखीची असली की पुरे. शेनिन ब्लाँ ही पांढरी, फळांच्या वासाची, आणि भारतातल्या पुष्कळ शेनिन किंचित गोडसर असतात. नाशिकच्या सुलाची शेनिन त्यातलीच. सोव्हिन्यों ब्लाँ कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, चरचरीत आंबट, हिरव्या मिरचीच्या आणि कापलेल्या गवताच्या वासाची. शिराझ ही लाल, गडद, काळ्या मिरीचा वास असलेली. सँजोव्हेजे ही इटलीची लाल द्राक्षं, अकलूजच्या फ्रातेली या वाइन कंपनीनं ती सोलापूर जिल्ह्यात लावली. हिचा आंबटपणा चांगला आणि अंग, म्हणजे तोंडातला भरीवपणा, शिराझपेक्षा हलकं. काबेर्ने सोव्हिन्यों सगळ्यांत तुरट. बंगळूरजवळच्या नंदी टेकड्यांतल्या ग्रोव्हर झाम्पाची ‘ला रिझर्व्ह’ काबेर्ने आणि शिराझ मिळून केलेली असते. ती चांगली वाइन आहे, पण तांबड्या रश्शाशेजारी उघडण्याची नव्हे.

द्राक्षं आपल्याला नवी नाहीत. अथणीपासून विजापूरपर्यंत बागा आहेत, आणि कर्नाटकानं वाइनसाठी आखलेल्या पट्ट्यांत कृष्णेचं खोरंही आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक बागा खायच्या आणि बेदाण्याच्या द्राक्षांच्या आहेत. बिनबियांचं थॉम्पसन खायला गोड लागतं, वाइनला मात्र त्यात ना वास पुरेसा ना आंबटपणा. म्हणून बाटलीवर द्राक्षाच्या जातीचं नाव लिहिलेलं असेल तीच घ्या.

सीमेवर राहणाऱ्यांनी एक पाळावं. बाटलीवर कुठल्या राज्यात विकायची ते छापलेलं असतं आणि दारूचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. गोव्याहून किंवा कोल्हापूरकडून येताना डिकीत बाटली टाकण्याआधी परवान्याचं बघा. आणि एप्रिलच्या उन्हात बंद डिकीत तीन तास राहिलेली वाइन शिजते: बूच वर सरकतं, चव उकडलेल्या मुरांब्यासारखी लागते. हे नुकसान नंतर फ्रिजमध्ये ठेवून भरून निघत नाही.

ताटाची डावी बाजू

मराठी ताटात डावीकडं मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडं भाजी, आमटी, रस्सा. वाइन उजव्या बाजूशी जुळवायची असते, पण तिचा घात डावी बाजू करते. लिंबाच्या लोणच्याच्या फोडीनंतर कुठलीही वाइन पाणचट लागते. खर्ड्यानंतर लाल वाइनचा वास दहा मिनिटं तरी येत नाही. कच्चा कांदा तोंडात रेंगाळतो. म्हणून या गोष्टी ताटात न वाढता मधे वाटीत ठेवा. ज्याला हवं तो घेईल, आणि घेतलं तर पुढचा घोट पाण्याचा.

डावीकडच्या दोन गोष्टी मात्र वाइनच्या बाजूच्या आहेत. एक मीठ: अळणी रश्शापुढं लाल वाइन जास्त तुरट लागते, नेटकं मीठ असलेल्या रश्शापुढं मऊ. दुसरी शेंगदाण्याची चटणी, कमी तिखट केली तर. दाण्याचं तेल आणि प्रथिनं तुरटपणाला तेच करतात जे लोणी करतं.

मटण

सुकं मटण हेच लाल वाइनचं खरं ठिकाण. पाणी आटलेलं, खोबरं-खसखस अंगाला लागलेलं, कडेला चरबी चमकणारं. इथं शिराझ उघडा. तिचा काळ्या मिरीचा वास आपल्या गरम मसाल्याला ओळखीच्या माणसासारखा भेटतो.

मसाला मात्र थोडा बदलावा लागतो. एक किलो मटणाला घरात चार मोठे चमचे कांदा-लसूण मसाला पडत असेल तर दोनच घाला, आणि रंगासाठी दोन लहान चमचे ब्याडगीची पूड. ब्याडगी मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. संकेश्वरी उलट, थोडीशीही पेटवणारी. संकेश्वरी घालायचीच असेल तर एखादी, बिया काढून. सुकं खोबरं अर्धी वाटी, खसखस आणि तीळ एकेक मोठा चमचा. खोबरं बदामी रंगावर उतरवा. बऱ्याच घरांत ते काळपट होईतो भाजतात. एरवी रश्शाला त्यानं रंग येतो, पण करपलेल्या खोबऱ्याचा कडूपणा आणि वाइनचा तुरटपणा एकमेकांवर चढतात आणि दोष वाइनला जातो. लवंगा चारपेक्षा जास्त नकोत, त्या जीभ बधिर करतात.

तांबडा रस्सा पातळ, गरम आणि तिखट. चरबी वर तरंगते पण तुकडे थोडे. याला लाल वाइन देऊ नका, कितीही महाग असली तरी. गार शेनिन द्या, लेबलावर ‘ऑफ-ड्राय’ किंवा ‘सेमी-स्वीट’, म्हणजे थोडी गोडसर, असं असेल तर उत्तम. फेसाळणारी, म्हणजे स्पार्कलिंग वाइनही चालते. पण तिखट खूप असेल तर बुडबुडे जिभेला टोचतात, म्हणून मध्यम रश्शापर्यंतच.

पांढरा रस्सा म्हणजे नारळाचं दूध, काजू, तीळ-खसखस आणि मटणाचा अर्क. हा दाट आणि सौम्य, याला अंगानं भरलेली पांढरी हवी: व्हियोनिए किंवा शार्दोने. चरचरीत सोव्हिन्यों इथं लिंबू पिळल्यासारखी वेगळी पडते.

जवारी, म्हणजे गावठी कोंबडी वेगळी वागते. तिचं मांस चिवट, चव घट्ट, चरबी कमी. कमी तिखटाच्या सुक्याला सँजोव्हेजे, रश्शाला पुन्हा शेनिन. ब्रॉयलरच्या कोंबडीला स्वतःची चव फारशी नसते, तिथं मसाला बघूनच ठरवा.

मासे आणि अळंबी

चोर्ल्याच्या घाटातून येणाऱ्या माशांनी बेळगावचा बाजार भरतो. रवा लावून तळलेल्या सुरमईला सोव्हिन्यों ब्लाँ: तेलकटपणा कापते आणि लिंबाची फोड पिळायची गरज उरत नाही. बांगडा तेलकट मासा. त्याच्यासोबत लाल वाइन घेतली तर तोंडात गंजलेल्या पत्र्यासारखी चव आणि मागून माशाचा उग्र वास येतो. कारण लाल वाइनमध्ये बऱ्याचदा लोहाचा अंश जास्त असतो आणि माशाच्या तेलाशी त्याचं बिनसतं. नारळाच्या आमटीतल्या, तिरफळं घातलेल्या बांगड्याला शेनिनच.

पावसाळ्यात खानापूरच्या बाजूनं येणारी रानातली अळंबी हा मोठा अपवाद. मातकट, मांसल चव असल्यानं तिला हलकी लाल छान लागते. कांदा, थोडं ओलं खोबरं, मिरची नाममात्र, आणि सँजोव्हेजे. काबेर्नेसारखी जाड तुरट लाल मात्र नको. अळंबीतली ती मांसल चव तुरटपणा आणखी उघडा पाडते. रानातली अळंबी ओळखीच्या माणसाकडूनच घ्या, हे वाइनपेक्षा महत्त्वाचं.

शाकाहारी ताट

वाइन म्हणजे मांसाहारच, हा समज सोडून द्यावा. भरली वांगी, म्हणजे आपली एण्णेगायी, हा लाल वाइनचा सगळ्यांत सोपा जोडीदार आहे. दाण्याचा कूट, तीळ, खोबरं, भरपूर तेल: सगळं तुरटपणाला मऊ करणारं. चिंच-गूळ मात्र हात राखून घाला, सहा वांग्यांना चिंचेचा कोळ एक मोठा चमचा आणि गूळ लहान चमचाभर. गूळ वाढला की लाल वाइन आंबट लागते. शिराझ किंवा सँजोव्हेजे, दोन्ही चालतात, आणि ज्वारीची भाकरी दोघांनाही धरून घेते.

पिठलं-भाकरीला शेनिन. अळूच्या भाजीत चिंच असते, तिथं सोव्हिन्यों. आंबट पदार्थापुढं वाइन त्याच्याइतकी तरी आंबट हवी, नाहीतर ती मेल्यासारखी लागते. मेथी आणि कारलं लाल वाइनपासून दूर ठेवा, कडूवर तुरट चढतं. कटाच्या आमटीला काहीही नीट जमत नाही, तिथं वाइन न ठेवलेलीच बरी.

कुंदा

गोडाला एकच नियम: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. कुंद्याबरोबर, म्हणजे बेळगावच्या आटवलेल्या दुधाच्या मिठाईबरोबर, उरलेली शिराझ प्यायली की ती व्हिनेगरसारखी लागते. वाइन तीच असते, साखरेनं जीभ बदललेली असते. लेट हार्व्हेस्ट शेनिन, म्हणजे वेलीवर जास्त पिकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन, गार करून पन्नास-साठ मिलिलिटर पुरते. गोव्याकडची गोड लाल ‘पोर्ट’ अनेक घरांत जेवणाबरोबर घेतात आणि मग वाइन म्हणजे औषधासारखं गोड काहीतरी, असं मत होऊन बसतं. तिची जागा इथं आहे: आटवलेल्या, तांबूस झालेल्या दुधाच्या चवीशेजारी, लहान ग्लासात. डिंक आणि सुक्या मेव्याच्या गोकाकच्या करदंटालाही तीच चालते.

सहा जणांचं जेवण, रात्री साडेआठला

७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात. सहा जणांना एक पांढरी, एक लाल पुरते. एक जादा पांढरी फ्रिजमध्ये न उघडता ठेवा, कारण तिखट जेवणात पांढरीच आधी संपते.

साडेपाचला पांढरी फ्रिजमध्ये. विसरलात तर बादलीत निम्मं बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, वीस मिनिटांत होते. नुसत्या बर्फात ठेवली तर वेळ लागतो, कारण बर्फाच्या खड्यांमधे हवा असते. फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका, गोठून बूच उडतं.

लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी असं म्हणतात ते थंड देशातल्या घरांबद्दल. तिला १६ ते १८ अंश हवेत. आपल्या घरात एप्रिल-मेमध्ये रात्रीही २८ अंश असतात, आणि त्या गरमीत लाल वाइनचा नुसता दारूचा वास वर येतो. म्हणून उन्हाळ्यात पाऊण ते एक तास, थंडीत किंवा पावसाळ्यात वीस मिनिटं तीही फ्रिजमध्ये. आठला बाहेर काढून उघडा. घोट घेऊन फार खरबरीत वाटली तर काचेच्या जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवा, हवा लागून ती उलगडते. पांढरी जेवणाआधी दहा मिनिटं बाहेर. ८ ते १० अंशांना तिचा वास येतो, फ्रिजच्या ४-५ अंशांना येत नाही.

उघडल्यावर आधी वास घ्या. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच बिघडलेलं आहे; नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा आला तर वाइन व्हिनेगरच्या वाटेला लागली आहे. दोन्ही वेळा बाटली बाजूला ठेवा. बुचाचे कण पडले असतील तर मात्र घाबरायचं नाही, चहाच्या स्वच्छ गाळणीतून गाळा. गाळणीला चहाचा वास नको.

ग्लास काचेचे, आणि फक्त एक तृतीयांश भरा. ते कपाटातून काढून तसेच ठेवू नका. मसाल्याच्या डब्यांशेजारी राहिलेल्या ग्लासाला कांदा-लसणाचा वास असतो. गरम पाण्यानं विसळून जुन्या सुती कापडानं पुसा.

आता वाढण्याचा क्रम. आधी पांढरी मग लाल, असं सगळीकडं सांगतात. आपल्या जेवणात त्यात थोडी मोडतोड करावी लागते. पहिल्यांदा तळलेली सुरमई किंवा कोथिंबीर वडी, पांढरीबरोबर. मग सुकं मटण आणि भाकरी, लालबरोबर. तांबडा रस्सा आणि भात सगळ्यांत शेवटी, आणि तेव्हा ग्लासात पुन्हा गार पांढरी. रस्सा आधी वाढला तर मिरची जिभेवर बसते आणि नंतर आलेल्या लाल वाइनमध्ये कडू आणि गरम याखेरीज काही कळत नाही. सगळं एकदम वाढायचा रिवाज असेल तर निदान रश्श्याची वाटी नंतर फिरवा.

पाहुणे येण्याआधी एक खात्री करून घ्या. भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून नीट चावा, गिळायच्या आधी एक छोटा घोट वाइन घ्या, मग दहापर्यंत मोजा. जाळ वाढला तर रश्श्यात दोन मोठे चमचे नारळाचं दूध घाला. कडू लागलं तर मीठ चाखा, बहुधा कमी असतं. वाइन पाण्यासारखी लागली तर रश्श्यात आंबट जास्त झालं आहे. चिमूटभर गूळ आणि थोडं खोबऱ्याचं वाटण घालून उकळी आणा.

प्रत्येकाजवळ पाण्याचा तांब्या असू द्या. ज्याला गाडी चालवून जायचं आहे त्याच्यासाठी सोलकढी. कायद्यानं १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, आणि सडपातळ माणसाची ती एका ग्लासातच ओलांडली जाऊ शकते. औषधं चालू असणाऱ्यांना आणि गरोदर बाईला आग्रह करायचा नाही.

उरलेली वाइन मोठ्या बाटलीत अर्धी तशीच ठेवली तर आतली हवा तिला दोन दिवसांत उतरवते. लहान, धुऊन कोरड्या केलेल्या बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा, लालसुद्धा. तीन-चार दिवस राहते. त्यानंतर शिराझ असेल तर पुढच्या सुक्या मटणात अर्धी वाटी घाला, मसाला परतल्यावर आणि पाणी घालायच्या आधी, आणि दारूचा वास जाईतो मोठ्या आचेवर आटवा. कल्हई गेलेल्या पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात हे करू नका, आंबट वाइननं धातूची चव उतरते. स्टीलचं किंवा कल्हई शाबूत असलेलं पातेलं घ्या.